नवख्यांची पिस्तुलं, जॅकेटं आणि क्लबची मॅच: नियम मोडला गेला तर काय करायचं?

नेमबाज_कोथरूड
नमस्कार मंडळी,
रविवारी आमच्या क्लबची १० मीटरची मॅच झाली. एअर रायफल आणि एअर पिस्तूल, ४०-४० शॉट, कागदी टार्गेट, सगळं घरच्यासारखं. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरची दोन आणि आपल्या स्वप्निल कुसाळेचं एक अशी ब्राँझ आली तेव्हापासून रेंजवर नवीन मुलांची रीघ लागलीय, ह्या वेळी तर निम्म्याहून जास्त जण आयुष्यातली पहिली मॅच खेळत होते.

मॅच संपल्यावर पहिले तीन आणि चिठ्ठी काढून एक अशा चौघांचं सामान तपासलं. पिस्तूलमध्ये तिसरी आलेली मुलगी, दहावीतली, तिच्या पिस्तुलाने ५०० ग्रॅमचं वजन उचललंच नाही (एअर पिस्तूलच्या ट्रिगरने निदान तेवढं वजन न सुटता पेलायला हवं), ट्रिगर आधीच सुटत होता. पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, घेतलं तसंच वापरतेय. ट्रिगरला स्क्रू असतो आणि तो फिरवता येतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं, वडिलांना तर त्याहून नाही. चौथ्या आलेल्या मुलाच्या आईने तिथेच विचारलं की आता मेडल कोणाचं. आम्ही निकाल राखून ठेवलाय, बुधवारी कमिटी बसणार आहे.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रूलबुकाप्रमाणे मॅचनंतरच्या तपासणीत नापास म्हणजे थेट बाद. पण ती मुलगी इतकी रडली की आमच्यापैकी कोणालाच जेवण गेलं नाही. तुमच्या क्लबमध्ये नवख्यांच्या बाबतीत काय करता? जाणकारांनी सांगा.

ट्रिगरहॅपी
५०० म्हणजे ५००. बाद. वाईट वाटतंय पण प्रश्न सोपा आहे.

स्वाती२३
अजिबात सोपा नाहीये. पहिल्या मॅचला बाद केलेली मुलगी परत रेंजवर येईल का ह्याचा विचार करा. क्लबची मॅच असते कशासाठी? शिकायलाच ना? समज द्या, तिचं मेडल तिला द्या, पुढच्या वेळी तपासून आण म्हणावं.

ट्रिगरहॅपी
@स्वाती२३, आणि चौथा आलेला मुलगा? तोही दहावी-अकरावीतलाच असेल, त्याचीही पहिलीच मॅच असेल कदाचित. त्याने ५०० चा ट्रिगर ओढून चौथा नंबर काढला, त्याला काय सांगणार, की ती रडली म्हणून तुझं मेडल गेलं?

फौजी_खडकी
निकालाचं नंतर बोलू. आधी सांगा तपासणी कशी केली?

मी बरीच वर्षं मॅचेसना इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर बसतोय आणि नापास होणाऱ्या पिस्तुलांतली कितीतरी खरं म्हणजे पास असतात, उचलणाऱ्याचा हात चुकीचा असतो. नळी सरळ वर, वजन टेबलावर, त्याची कड ट्रिगरच्या साधारण मध्यावर अडकवायची आणि सावकाश, अगदी सावकाश उचलायचं. वजन टेबलावरून पूर्ण सुटलं आणि ट्रिगर पडला नाही म्हणजे पास. नवखी मुलं घाबरलेली असतात, झटका देऊन उचलतात, झटक्याने ट्रिगरवर ५०० पेक्षा जास्त जोर येतो आणि चांगलं पिस्तूल नापास ठरतं.

दुसरं म्हणजे वजन कुठे अडकवलंय ते बघा. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं आणि कडीजवळ ढकललं तर हलकं, तसंच ट्रिगरचं आहे. वजन खालच्या टोकाला घसरलं की तोच ट्रिगर हलका लागतो. आणि हवेचा सिलिंडर भरलेला असताना, कॉक करूनच मोजायचं, रिकाम्या पिस्तुलावर घेतलेला आकडा धरत नाहीत.

हे सगळं नीट झालं होतं का?

नेमबाज_कोथरूड
@फौजी_खडकी काका, हो. आधी तिने स्वतः उचललं, मग तिच्या कोचने, मग आमच्या सिनियर शूटरने. हवा भरलेली होती, वजन मध्यावरच होतं. तिन्ही वेळा सुटला. नंतर वजन कमी करत गेलो तर ४७० ला टिकला. म्हणजे शंकेला जागा नाहीये.

फौजी_खडकी
मग पिस्तूल नापास आहे. मुलगी नापास आहे की नाही तो वेगळा प्रश्न.

कर्वेरोड
एक विचारू का, ३० ग्रॅमने नवख्या शूटरला खरंच काय मिळतं? एअर पिस्तूलचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. नवख्या मुलाचे शॉट सात-आठमध्ये पसरतात ते हात डगमगतो आणि ट्रिगर झटकतो म्हणून. हलका ट्रिगर असेल तर नवख्याचा शॉट उलट लवकर सुटतो, साइट जुळायच्या आत. माझ्या मते तिला त्या ट्रिगरने तोटाच झाला असेल.

ट्रिगरहॅपी
असेलही. पण फायदा झाला का तोटा हे कोणी आणि कसं मोजायचं? ते मोजता येत नाही म्हणून तर आकडा ठरवलाय. एअर रायफलला ट्रिगरचं वजन मोकळं आहे, तिथे कोणी बोलत नाही. पिस्तूलला ५०० आहे, तर सगळ्यांना ५००.

मिसळप्रेमी
मोठ्या मॅचमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटला ७५ मिनिटं देतात. ट्रिगरहॅपी आणि स्वातीताईंना तेवढीच द्या, नाहीतर बुधवार इथेच उजाडेल. हलकेच घ्या.

पिंपळे_सौदागर
मी शूटर नाही, शूटरची आई आहे. पालकांची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते.

माझा मुलगा एअर रायफल खेळतो. जॅकेट घेताना दुकानदार म्हणाला वाढत्या अंगाचं घ्या, किंमत हजारोंत, दर वर्षी कोण बदलणार, म्हणून मोठं घेतलं आणि घरीच बटणं आत सरकवून लावली. शाळेचे शर्ट आपण असेच करतो ना. पहिल्या मॅचला टेबलावरच्या सरांनी टेप लावून सांगितलं की डावी बाजू उजवीवर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त येतेय, चालणार नाही. मी म्हटलं सैल जॅकेटने त्याला काय आधार मिळतो? ते म्हणाले ताई, आधाराचं नाही, नियम तसा आहे. बटणं तिथेच उसवून दिली, सुई-दोरा त्यांच्याकडेच होता.

आता तोच मुलगा ताडमाड वाढलाय, आता उलटा प्रॉब्लेम, बटणाच्या पुढे ७ सेंटिमीटर कापड ओढून यायला हवं, ते येत नाही. म्हणजे लहानपणी जास्त, मोठेपणी कमी. आम्ही कोणीही मुद्दाम काही केलेलं नाही. त्या मुलीच्या वडिलांचं मला अगदी कळतं. लाखाच्या पुढे पैसे घालून पिस्तूल घेतलं, विकणाऱ्याने चालू स्थितीत आहे म्हणून दिलं, आता त्यात स्क्रू कुठे आणि किती फिरवायचा हे बाप कुठून शिकणार?

दहाची_रिंग
@पिंपळे_सौदागर ताई, ते ७ सेंटिमीटर म्हणजे जॅकेट अंगावर सैल लटकतंय ह्याचा पुरावा. घट्ट जॅकेट पाठीला पट्ट्यासारखा आधार देतं, खरा फायदा तिथे आहे. तुमचा मुलगा वाढला तसा त्याला नकळत फायदा व्हायला लागला, त्याची चूक नसताना. म्हणूनच रायफलवाल्यांचं दर मॅचला मोजतात.

कापडाच्या ताठपणाचंही तेच. गोल पोकळ नळकांड्यावर कापड सपाट पसरून वर १ किलोचं वजन ठेवतात आणि कापड किमान ३ मिलिमीटर आत दबलं पाहिजे. डिसेंबरात पहाटे बालेवाडीला पोचलात आणि जॅकेट रात्रभर गाडीच्या डिकीत असेल तर कॅनव्हास गारठून कडक होतो आणि काठावरचं जॅकेट नापास होतं. किट रात्री घरात ठेवा, टेबलावर जायच्या आधी थोडा वेळ अंगात घालून फिरा.

कर्वेरोड
डिकीचं शंभर टक्के खरं. आणि बाणेर रोडच्या ट्रॅफिकमुळे आपण पहाटेच निघतो, त्यामुळे पुणेकरांचं जॅकेट जास्तच गार. :)

मावळा९
नवख्यांचं टॉप लिस्ट: आर्मी प्रिंटची पँट. मुलांना वाटतं नेमबाजी म्हणजे आर्मी प्रिंट पाहिजेच. कॅमोफ्लाज चालत नाही, जीन्स चालत नाही. पिस्तूलला घोटा झाकणारे बास्केटबॉलचे बूट चालत नाहीत, बूट घोट्याच्या हाडाच्या खाली पाहिजे. कानात ब्लूटूथचे बड्स घालून येतात, आवाज कमी यावा म्हणून असं सांगतात, मग स्पंजचे इअरप्लग देतो. ह्या सगळ्याला आम्ही बाद करत नाही, लेनवर उभं राहायच्या आधी बदलायला लावतो. बुटांसाठी तर आम्ही वेगवेगळ्या मापाच्या कॅनव्हासच्या जोड्या ठेवल्यात क्लबमध्ये.

स्वाती२३
राखीचं पण सांगा की मावळा.

मावळा९
हो, तो ऑगस्टचा किस्सा. पिस्तूल धरणाऱ्या हातावर ब्रेसलेट, घड्याळ, मनगटपट्टा काही चालत नाही. राखीपौर्णिमेनंतरच्या मॅचला एकेका मुलाच्या उजव्या हातावर तीन-तीन राख्या, वर देवळातला लाल धागा. एक मुलगा म्हणाला ताईने बांधलीय, काढणार नाही. आमच्या आरओ (रेंज ऑफिसर) मॅडमनी त्याच्या बहिणीलाच प्रेक्षकांतून बोलावलं, तिने सोडली, मॅच झाल्यावर तिनेच परत बांधली. पोरगं हसत लेनवर गेलं.

वकिली_बाणा
सुताच्या धाग्याने मनगटाला काय डोंबल आधार मिळणार? इथे तरी डोकं वापरा.

दहाची_रिंग
सुताचा धागा आणि रुंद चामडी पट्टा ह्यांच्यामध्ये रेघ कुठे मारणार? प्रत्येक आरओ वेगळी मारेल. सगळं काढा म्हटलं की वाद मिटतो. आणि पुढे स्टेट खेळायला गेल्यावर तिथे काढायला लावतातच, मग इथेच सवय झालेली बरी.

फौजी_खडकी
राखी, बूट, पँट ठीक आहे, प्रेमाने सांगा. पण दोन गोष्टींत मी कोणाचं वय किंवा अनुभव बघत नाही.

एक, सेफ्टी फ्लॅग. चेंबर रिकामा आहे हे लांबून दिसावं म्हणून ती भगव्या नायलॉनची दोरी, एअर गनला ती नळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसली पाहिजे. फ्लॅग नाही तर पेटीतून बंदूक बाहेर काढायची नाही. गवत कापायच्या मशीनची भगवी दोरी बोहरी आळीत मीटरवर मिळते, ४.५ च्या नळीत जाईल अशी जाडी बघून घ्या, वर्षभर पुरते. पैसे नाहीत ही सबब इथे नाही.

दोन, सिलिंडरची तारीख. सेकंडहँड पिस्तूल-रायफल घेणाऱ्यांनो, सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर तो वापरायचा नाही, २०० बारची हवा असते आत, आणि ती तुमच्या हातात असते. आमच्या टेबलावर असा सिलिंडर आला तर आम्ही तो बाजूला काढून ठेवतो आणि क्लबचं पिस्तूल खेळायला देतो. मूल खेळतं, पण त्या सिलिंडरवर नाही. पालक चिडतात, चिडू देत.

नेमबाज, तुमच्या त्या मुलीचं पिस्तूल सेकंडहँड आहे म्हणालात. ट्रिगरच्या गडबडीत कोणी सिलिंडरची तारीख पाहिली का?

नेमबाज_कोथरूड
पाहिली काका. तारखेत आहे, अजून चार वर्षं बाकी.

वकिली_बाणा
मूळ प्रश्नावर. धागाकर्त्यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही, तुमच्या पत्रकात काय लिहिलं होतं? शिक्षा आधी सांगितलेली असेल तर द्या, नसेल तर कशाच्या जोरावर देणार? «स्पर्धा आयएसएसएफ नियमांनुसार होईल» एवढी एक ओळ सगळेच छापतात. ते रूलबुक केवढं जाड आणि इंग्रजीत, दहावीतल्या मुलीने वाचून यावं अशी अपेक्षा आहे का? आणि मॅचच्या आधी तपासणीची सोय होती का?

नेमबाज_कोथरूड
तुम्ही म्हणताय तीच ओळ होती. सकाळी ७ ते ८ टेबल मांडलं होतं, ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी यावं असं माइकवरून सांगितलं. जुने खेळाडू आले. नवीन मुलं आलीच नाहीत, त्यांना वाटलं आपलं काही तपासण्यासारखं नाहीच.

स्वाती२३
बघा! ज्यांना गरज होती तेच आले नाहीत. ज्याला नियम माहीत नाही तो तपासायला कशाला येईल?

जुना_खेळाडू
उशिरा येतोय, सगळं वाचलं.

आमच्या वेळी क्लबची एकच रायफल दहा जणांत फिरायची, तपासायला काही नव्हतंच. १९९४ ला नॅशनल गेम्ससाठी बालेवाडीचं संकुल झालं, मग हळूहळू घरोघरी स्वतःचं सामान आलं. क्लबचं सामान कोच जुळवायचा, त्याची जबाबदारी कोचवर होती. आता सामान मुलाचं, पैसे बापाचे, आणि जुळवणी कोणाची ते कोणालाच माहीत नाही. नवख्यांचे बहुतेक नियमभंग ह्या फटीतून होतात. लबाडी करायची असेल तर खेळ आधी यायला लागतो, ह्या मुलांना अजून खेळच येत नाही.

त्यामुळे माझं मत असं. मेडल त्या मुलीला देऊ नका. ट्रिगरहॅपी बरोबर आहे, चौथ्या मुलाचा हक्क आहे तो, आणि आज मेडल दिलंत तर ती मुलगी तेच पिस्तूल घेऊन राज्य स्पर्धेला जाईल आणि तिथे सगळ्यांसमोर लाल कार्ड बघेल. पण तिच्या नावापुढे बाद असंही लिहू नका. क्रमवारीबाहेर लिहा, स्कोअर राहू द्या. चाळीस शॉट तिने स्वतःच्या हाताने मारलेत, तो कागद तिच्याकडे राहिला पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यासमोर तो ट्रिगर कोणीतरी बसून जुळवा. स्क्रू तिच्या हाताने फिरवू द्या, वजन तिला उचलू द्या.

ट्रिगरहॅपी
@जुना_खेळाडू, क्रमवारीबाहेर ही पळवाट आहे. रूलबुकात पिवळं कार्ड म्हणजे समज, हिरवं म्हणजे दोन पॉइंट कट, लाल म्हणजे बाद. चौथा रंग नाही. आज नवख्यांसाठी केलंत, उद्या एखादा सिनियर येईल आणि म्हणेल मलाही क्रमवारीबाहेर ठेवा.

जुना_खेळाडू
सिनियरला लाल. पहिल्या वर्षीच्या खेळाडूला क्रमवारीबाहेर, तेही एकदाच. पत्रकात तसं आधीच छापायचं. क्लबची मॅच आहे, क्लबला आपलं पत्रक लिहायचा अधिकार आहे. तपासून झाल्यावर कोणी बदल केला तर मात्र नवखा असो की जुना, थेट बाद, तिथे माझंही काही म्हणणं नाही.

वकिली_बाणा
+१. शेवटचं वाक्य जाड अक्षरात छापा.

चिंचवड_लेन७
आमच्याकडे ऐच्छिक तपासणी बंदच करून टाकली. लेनचा नंबरच इक्विपमेंट टेबलावर मिळतो, म्हणजे सामान दाखवल्याशिवाय कोणी लेनवर जाऊच शकत नाही. वजन, टेप, सुई-दोरा, स्क्रू ड्रायव्हर सगळं तिथेच. जुळवून मग स्टिकर लावतो. सुरुवातीला रांग लागली, बोंबाबोंब झाली, आता नवीन मुलांना तीच सवय आहे. मॅचनंतरची तपासणी तरीही करतो, पण नापास सापडणं जवळजवळ थांबलंय.

पिंपळे_सौदागर
हे फार छान. आणि टेबलावर जरा हसऱ्या चेहऱ्याचं माणूस बसवा, मुलं निम्मी तिथेच घाबरतात.

मिसळप्रेमी
फौजी काकांकडे बघून बोलताय का ताई?

फौजी_खडकी
मी हसतो. वजन उचलून झाल्यावर.

नेमबाज_कोथरूड
मंडळी, काल मीटिंग झाली. बराच वेळ चालली, हा धागा मी तिथे वाचूनही दाखवला.

ठरलं ते असं. मेडल चौथ्या मुलाला. मुलीचा स्कोअर निकालपत्रात क्रमवारीबाहेर म्हणून राहणार, खाली कारण लिहून. कमिटीतले दोघे बादच करा म्हणत होते, त्यांचा विरोध नोंदवलाय. पुढच्या मॅचपासून लेनचा नंबर टेबलावर, @चिंचवड_लेन७ ची कल्पना आम्ही उचलतोय. पत्रकाच्या मागे मराठीत एक पान: ट्रिगर ५०० ग्रॅम, बूट घोट्याच्या खाली, पिस्तुलाच्या हातावर काही नको, जॅकेटची मापं, फ्लॅग, सिलिंडरची तारीख, आणि पहिल्या वर्षाची सवलत कशाला आहे आणि कशाला नाही.

मुलीच्या वडिलांना मी स्वतः फोन केला. त्यांना मेडलपेक्षा जास्त राग विकणाऱ्याचा आलाय. शनिवारी ती येतेय, आमचे सिनियर तिच्याबरोबर ट्रिगर जुळवायला बसणार आहेत.

ट्रिगरहॅपी
निर्णय पटला नाही पण चौथ्या मुलाला मेडल मिळालं हे बरं झालं. एक सुचवतो, ट्रिगर अगदी ५०० वर ठेवू नका, थोडा वर ठेवा, ५१०-५२०. काठावर ठेवला की हात थरथरला तरी नापास. आणि शनिवारी मी रिकामा आहे, माझ्याकडे छोट्या वजनांचा सेट आहे, दहा-दहा ग्रॅमने वाढवता येतं. घेऊन येऊ का?

नेमबाज_कोथरूड
नक्की या. सकाळी ९ ला.

स्वाती२३
मीपण येते, माझ्या भाचीचं पिस्तूल पण सेकंडहँडच आहे, बघून द्या.

कर्वेरोड
ते मराठी पान तयार झालं की इथे टाका, आम्हीपण आमच्या मॅचला छापतो. आणि त्यात कॅमोफ्लाज पँटचं विसरू नका.